कॉन्फरन्स बदलतात, तेव्हा टेनिस खेळणाऱ्या मुलीचं काय होतं?

नाशिकच्या एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. मुलगी टेनिस खेळते आणि अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांशी शिष्यवृत्तीचं बोलणं चाललं आहे. एक विद्यापीठ पश्चिम किनाऱ्यावरचं आहे आणि २०२४ मध्ये बिग टेन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटात, गेलं. दुसरं पूर्वेकडचं, एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समधलं. ते विचारतात, "या कॉन्फरन्स सारख्या का बदलतात? पुढे आणखी कोण कुठे जाईल? मुलगी २०२६ मध्ये गेली, तर तिच्या चार वर्षांत हे सगळं पुन्हा विस्कटेल का?"

मी १९ वर्षं अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत संघांची वेळापत्रकं, प्रवास आणि त्यांच्या खर्चाचा हिशेब हे काम केलं आहे. माझ्या अंदाजाने २०३० पर्यंत दोन्ही विद्यापीठं आहेत तिथेच राहतील. पण तुम्ही ज्याची काळजी करताय, त्यापेक्षा मोठी काळजी दुसरीकडे आहे. ती सांगायची तर आधी हा कारभार कसा चालतो ते नीट सांगावं लागेल.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भारतीय विद्यापीठ महासंघ ठरवतो. पुण्याचं किंवा कोल्हापूरचं विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं, कारण ते नकाशावर तिथे आहे. उद्या पुण्याने उठून दक्षिण विभागात जायचं ठरवलं, असं होत नाही. अमेरिकेत नेमकं तेच होतं. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसात केलेला गट. त्याचं कार्यालय वेगळं, कमिशनर वेगळा, घटना वेगळी. एनसीएए ही देशव्यापी संस्था नियम करते, राष्ट्रीय स्पर्धा भरवते, पण कोणी कोणत्या कॉन्फरन्समध्ये बसायचं हे ती ठरवत नाही. नव्याला सभासदांनी मतं देऊन घ्यायचं, आणि ज्याला जायचं त्याने दंड भरून जायचं.

सुरुवात मात्र नकाशानेच झाली होती. बिग टेन १८९६ मध्ये शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांनी उभी केली. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंडमध्ये जन्मली आणि तिचाच वंश पुढे पॅक-१२ या नावाने चालला. रेल्वेच्या काळात खेळाडूंना वेळेत घरी आणायचं तर शेजाऱ्याशीच खेळावं लागे.

नकाशाची पकड सुटली ती १९८४ मध्ये. तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे, कोणाचे दाखवायचे, हे एनसीएए ठरवत असे. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन धावायचा.) ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी स्पर्धा कायद्यात बसत नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू होते. त्या दिवसापासून सामना ही विकायची वस्तू झाली आणि ती विकणारं दुकान म्हणजे कॉन्फरन्स. आज तुमच्या मुलीला टेनिस खेळायला कोणत्या शहरात जावं लागेल, हे त्या दुकानाच्या हिशेबावर ठरतं. टेनिसचा त्या हिशेबात एक पैसाही नाही.

हिशेब समजायला सोपा आहे. समजा एका कॉन्फरन्समध्ये १६ सभासद आहेत आणि टीव्हीवाले वर्षाला ६४ कोटी डॉलर देतात. प्रत्येकाच्या वाट्याला ४ कोटी. आता सतरावा दार ठोठावतो. त्याच्यामुळे कराराची रक्कम किमान ४ कोटींनी वाढली पाहिजे, तरच जुन्यांचं नुकसान होत नाही. तो अडीच कोटीच वाढवणार असेल, तर ६६.५ कोटींचे १७ वाटे होतात आणि प्रत्येक जुन्या सभासदाचे वर्षाला जवळपास ८.८ लाख डॉलर जातात. कुठल्याही विद्यापीठाचा अध्यक्ष आपल्या विश्वस्तांपुढे जाऊन 'शेजारधर्म म्हणून आपण कमी घेऊया' असं म्हणत नाही. म्हणून विस्ताराच्या बातमीत मी सगळ्यात आधी बघतो की नव्याला पूर्ण वाटा मिळणार की अर्धा. वॉशिंग्टन आणि ओरेगन ही दोन मोठी विद्यापीठं २०२४ मध्ये बिग टेनमध्ये गेली ती जुन्यांपेक्षा बऱ्याच कमी वाट्यावर. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली एसीसीत गेली ती पहिली सात वर्षं टीव्हीच्या वाट्याचा फक्त ३० टक्के हिस्सा घेऊन. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसे नकोच, असं सांगून प्रवेश मिळवला. त्यांच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी ती तूट भरायची तयारी ठेवली होती.

दुसरी गोष्ट या धंद्यात राहूनही अनेकांच्या लक्षात उशिरा आली. २०१० ते २०१४ या काळात विद्यापीठाची किंमत घरांच्या संख्येवर ठरत होती. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची केबल वाहिनी सुरू केली. ज्या राज्यात सभासद विद्यापीठ आहे, तिथल्या प्रत्येक केबल जोडणीमागे वाहिनीला जास्त पैसे मिळत, मग त्या घरात कोणी सामना बघो वा न बघो. न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलंड ही दोन विद्यापीठं २०१४ मध्ये आत आली, त्यामागे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांभोवतीच्या लाखो जोडण्या होत्या. पुढे लोकांनी केबल तोडली. आता किंमत लागते ती प्रत्यक्ष बघणाऱ्या डोळ्यांची. म्हणून २०२१ नंतरचे बदल वेगळे आहेत. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी जुलै २०२१ मध्ये एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सकडे जायचं ठरवलं, तेव्हा टेक्ससमध्ये टेक्सस ए अँड एमच्या रूपाने एसईसीचा सभासद आधीच होता. नवं राज्य म्हणून टेक्ससची गरज नव्हती. गरज होती शनिवारी रात्री लाखो लोक ज्या सामन्यासाठी टीव्हीपुढे बसतात त्या सामन्यांची. पुढचा अंदाज करताना हा फरक विसरला की चूक होते.

पॅक-१२ ची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पहिल्या विद्यापीठाचा प्रवास तिथूनच झाला आहे.

टेक्सस आणि ओक्लाहोमा निघाले तेव्हा त्यांची जुनी कॉन्फरन्स, बिग-१२, खिळखिळी झाली होती. तिच्या उरलेल्या सभासदांना आत घ्यायचं का, याचा विचार पॅक-१२ ने केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की आम्हाला विस्तार करायचा नाही. दहाच महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनकडे निघाल्याची बातमी आली. पॅक-१२ चा सगळ्यात मोठा बाजार एका दुपारीत गेला. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचे सुमारे ७०० कोटी डॉलरचे करार केले. ऑक्टोबरमध्ये बिग-१२ ने रांगेत पुढे घुसून ईएसपीएन आणि फॉक्सशी २०३०-३१ पर्यंतचा करार उरकून घेतला. भाव फार मोठा नव्हता, पण पैसे नक्की होते. पॅक-१२ वाट बघत राहिली. तोवर वाहिन्यांचे खिसे रिकामे झाले होते. शेवटी ॲपलचा प्रस्ताव आला, तोही वर्गणीदार किती मिळतील यावर रक्कम वाढेल अशा स्वरूपाचा. २७ जुलै २०२३ ला कोलोराडो गेलं. ४ ऑगस्टला सकाळी उरलेले सभासद सही करतील अशी आशा होती. त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनकडे गेली, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग-१२ कडे. दोन वर्षांपूर्वी ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांच्याच घरी आता चौघं राहायला गेले.

मी तेव्हा ज्या विद्यापीठात होतो, तिथे त्या आठवड्यात २०२४ च्या प्रवासाचे आराखडे माझ्या टेबलावर होते. बसचे दर, हॉटेलांचे गट-दर, शेजारच्या विद्यापीठाबरोबर जोडीने करायच्या फेऱ्या, सगळं जुन्या नकाशावर बेतलेलं. वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते आम्हाला फोनवरच्या बातमीतून कळलं. महिला टेनिसच्या प्रशिक्षक माझ्या खोलीत आल्या. कॉन्फरन्स चांगली की वाईट, पैसे किती, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आता मुलींचे किती तास बुडतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि वर ज्यांनी निर्णय घेतला होता त्यांच्याकडेही नव्हतं. कारण तो आकडा कोणी काढलाच नव्हता. या गोष्टीचा राग मला आजही येतो.

हे निर्णय इतके अचानक वाटतात, कारण ते विद्यापीठांचे अध्यक्ष घेतात, प्रशिक्षक घेत नाहीत. चर्चा आधीच फुटली तर जुन्या कॉन्फरन्समधली जागा जाते, आणि नवी मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे सगळे ताकाला जाऊन भांडं लपवतात. मतदानात राजकारणही शिरतं. २००३ मध्ये एसीसीला विस्तारासाठी ९ पैकी ७ मतं हवी होती. व्हर्जिनिया विद्यापीठाचं मत निर्णायक ठरलं आणि त्या राज्याच्या गव्हर्नरांनी जोर लावून आपल्याच राज्यातल्या व्हर्जिनिया टेकचा प्रवेश त्यात बसवून घेतला. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड, बर्कली आणि एसएमयू यांना घ्यायला १५ पैकी १२ मतं लागत होती. चार सभासद विरोधात होते. त्यातल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मत बदललं आणि दार उघडलं. एका मताने कॅलिफोर्नियातल्या मुली बोस्टनला खेळायला जाऊ लागल्या. पालो अल्टोपासून बोस्टन सुमारे ४,३०० किलोमीटर आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पुढे कोण कुठे जाईल? अंदाज करायचा असेल, तर वर्तमानपत्रातल्या अफवा बाजूला ठेवा आणि करार कधी संपतात ते बघा. सभासद दोन दोऱ्यांनी बांधलेला असतो. एक, बाहेर पडण्याचा दंड. दुसरी दोरी जास्त मजबूत, तिला ग्रँट ऑफ राइट्स म्हणतात. विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ठरावीक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतं. मुदतीआधी निघून गेलं, तरी हक्क जुन्या घरीच राहतात. नवी कॉन्फरन्स अशा सभासदाचं काय करणार? त्याच्या मैदानावरचा सामना तिला विकताच येत नाही. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांना एका वर्षाने लवकर सुटायचं होतं, तर दोघांना मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले.

एसीसीतली ही दोरी २०३६ पर्यंतची होती. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तिच्याविरुद्ध दावा लावला. त्याच महिन्यात एकही सामना न हरता त्यांचा फुटबॉल संघ राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या चार जागांतून वगळला गेला होता, आणि आपण चुकीच्या कॉन्फरन्समध्ये आहोत अशी भावना तिथे टोकाला गेली होती. पाठोपाठ मार्च २०२४ मध्ये क्लेमसनही कोर्टात गेलं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या पैशांचा मोठा हिस्सा आता प्रेक्षकसंख्येवर वाटला जातो, म्हणजे ज्याचे सामने जास्त लोक बघतात त्याला जास्त. आणि बाहेर पडायची किंमत ठरून गेली: २०२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर, मग दरवर्षी १.८ कोटींनी कमी, २०३०-३१ मध्ये ७.५ कोटी. ती भरली की हक्क आपल्याबरोबर घेऊन जाता येतं.

या तारखा शेजारी शेजारी ठेवा. बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामाबरोबर संपतो. बिग-१२ चा २०३०-३१ मध्ये. एसीसीतून सुटण्याची किंमत त्याच वेळी तळाला येते. फुटबॉल प्लेऑफचा ईएसपीएनशी झालेला वर्षाला १३० कोटी डॉलरचा करार २०३१-३२ च्या हंगामापर्यंत आहे. एसईसीचा करार तेवढा आणखी दोन वर्षं पुढे जातो. म्हणजे पुढचा मोठा हादरा २०३० च्या आगेमागे आहे, आणि त्याच्या वाटाघाटी २०२९ पासूनच सुरू होतील. तुमची मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये गेली, तर मे २०३० मध्ये पदवी घेईल. चौथ्या वर्षी तिला अफवा खूप ऐकू येतील, पण बदल प्रत्यक्षात येईपर्यंत ती बाहेर पडलेली असेल.

त्या हादऱ्यात काय होईल, याबद्दल माझा अंदाज असा. बिग टेनचे आज १८ सभासद आहेत, एसईसीचे १६. दोघांचीही नजर एसीसीतल्या मोजक्या नावांवर राहील. त्यांत नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया ही विद्यापीठं मला सगळ्यात वर दिसतात, कारण ही दोन्ही मोठी राज्यं अजून दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नाहीत, आणि दोन्ही विद्यापीठं अभ्यासातही नावाजलेली आहेत. बिग टेनचे अध्यक्ष संशोधन विद्यापीठांच्या एएयू या संघटनेचं सभासदत्व फार मानतात. २०२४ मध्ये घेतलेली चारही पश्चिमेकडची विद्यापीठं त्या संघटनेत आहेत. फ्लोरिडा स्टेट नाही. क्लेमसनही नाही. या दोघांचा प्रेक्षकवर्ग मोठा आहे, पण त्यांच्या राज्यांत एसईसी आधीपासून आहे. डोळ्यांचा भाव वाढत राहिला तर त्यांना एसईसी घेईल. नाही वाढला तर ते वाढीव वाटा घेऊन एसीसीतच राहतील, आणि त्या तडजोडीमुळे त्यांचं तसं फार वाईटही चाललेलं नसेल.

आणि नोत्र दाम. हे इंडियानातलं कॅथलिक विद्यापीठ फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचं सभासद नाही. १९९१ पासून त्यांच्या घरच्या सामन्यांसाठी एनबीसीशी स्वतंत्र करार आहे. बाकीचे बहुतेक खेळ ते एसीसीत खेळतात, आणि पुरुषांची आइस हॉकी बिग टेनमध्ये. स्वतंत्र राहून प्लेऑफचा रस्ता उघडा आहे तोवर ते हलणार नाहीत. तो रस्ता अरुंद झाला, तर ज्या कॉन्फरन्सकडे ते जातील, तिच्या बाजूने सगळं पारडं झुकेल.

एक वेगळी शक्यता कायद्यातून येऊ शकते. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक लीगना आपले प्रक्षेपणहक्क एकत्र विकायची मुभा दिली, कॉलेजांना नाही. ती कॉलेजांनाही द्यावी अशी मागणी सध्या जोरात आहे. सगळ्यांचे हक्क एकाच टोपलीत गेले, तर एका कॉन्फरन्समधून दुसरीत उडी मारायचं मुख्य कारणच उरत नाही. मला स्वतःला हे व्हावंसं वाटतं. बिग टेन आणि एसईसी मात्र त्याला सहज तयार होणार नाहीत, कारण आजच्या व्यवस्थेत सगळ्यात जास्त तेच कमावतात.

पॅक-१२ ला बुडालेली मानू नका. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच मागे राहिले होते. कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सचा ताबा आणि मालमत्ता मिळवली, नियमातल्या दोन वर्षांच्या सवलतीचा वापर केला आणि बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट यांना जोडलं. किमान आठ फुटबॉल सभासद लागतात, ते जुलै २०२६ पासून पुरे झाले. फुटबॉलच नसलेलं गॉन्झागाही बास्केटबॉलच्या जोरावर आत आलं. टेक्सस स्टेट सोडलं तर सगळे पश्चिमेकडचेच. एखाद्या टेनिसपटूच्या नजरेने बघितलं, तर ही नवी पॅक-१२ बिग टेनपेक्षा राहायला सोपं घर आहे.

आता त्या मोठ्या काळजीकडे येतो. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे नाशिकहून गुवाहाटीला जाऊन परत येण्याइतकं. शिवाय घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो, शनिवारी, भाड्याच्या खास विमानाने जातो, हंगामात अशा पाच-सहा फेऱ्या होतात. टेनिसचा हंगाम जानेवारीपासून मेपर्यंत चालतो, एका फेरीत बहुधा दोन सामने असतात, शुक्रवारी एक आणि रविवारी दुसरा, आणि संघ साध्या प्रवासी विमानाने जातो. गुरुवारी पहाटे निघायचं, सोमवारी डोळे चोळत वर्गात. गुरुवार-शुक्रवारचे तास गेलेच. जुन्या पॅक-१२ मध्ये शेजारच्या विद्यापीठांच्या जोड्या होत्या. एका फेरीत दोघांशी खेळून रविवारी रात्री मुली आपल्या खोलीवर असत. ती सोय उभी करायला माझ्याआधीच्या लोकांनी कित्येक वर्षं घालवली होती.

पैशाचं म्हणाल, तर टीव्हीचे पैसे वाढले म्हणजे टेनिसकडे जास्त येतील, असं समजू नका. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएविरुद्धच्या मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा, २०२५-२६ साठी कमाल सुमारे २.०५ कोटी डॉलर. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळाला हे योग्यच झालं. वर्षानुवर्षं त्यांच्या जिवावर सगळे कमावत होते. पण ते दोन कोटी मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातात, आणि ते कुठून तरी काढावे लागतात. काही विद्यापीठांनी टेनिस आणि पोहण्याचे संघच बंद केले. तुमच्या मुलीसाठी खरा धोका हा आहे. कॉन्फरन्स बदलली तर विमानतळ बदलतो. संघ बंद झाला तर पुढचं सगळं नव्याने मांडावं लागतं.

शिष्यवृत्तीतही बदल झाला आहे. पूर्वी एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत महिला टेनिसला प्रत्येक विद्यापीठात ८ शिष्यवृत्त्या असत आणि त्या पूर्ण देण्याची रीत होती. नव्या व्यवस्थेत संघात किती जणी असू शकतात याची मर्यादा आहे, आणि पैसे त्यांच्यात कसे वाटायचे हे विद्यापीठ ठरवतं. त्यामुळे 'शिष्यवृत्ती देतो' या वाक्याचा अर्थ पूर्ण की अर्धी, एका वर्षाची की चार वर्षांची, हे लेखी विचारा. दोन गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. शिष्यवृत्ती विद्यापीठ देतं, कॉन्फरन्स देत नाही. कॉन्फरन्स बदलल्याने ती जात नाही. आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात उत्तीर्ण असलेल्या खेळाडूला विद्यापीठ बदलून लगेच खेळता येतं, पूर्वीसारखं वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. जाहिरातीचे किंवा महसुलातल्या वाट्याचे पैसे कोणी देऊ केले, तर मात्र घाई करू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कामाच्या कमाईवर कडक बंधनं आहेत. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. प्रशिक्षकाचा शब्द इथे पुरेसा नाही.

माझं स्वतःचं म्हणणं मी विभागातल्या बैठकांत अनेकदा मांडलं आहे, आणि इथेही मांडतो. फुटबॉलला त्याची स्वतःची कॉन्फरन्स असू द्या, वाटेल तेवढी मोठी, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. बाकीचे खेळ शेजाऱ्यांशी खेळू द्या. हे अशक्य आहे असं कोणी म्हणालं, तर नोत्र दामचं उदाहरण वर दिलंच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ फक्त लॅक्रॉस या एका खेळासाठी बिग टेनमध्ये आहे. व्यवस्था आहे, वाट मळलेली आहे. अडचण एवढीच की कॉन्फरन्सना सभासद पूर्ण हवा असतो, आणि स्वतंत्र मोट बांधायची तर फुटबॉलचे थोडे पैसे इतर खेळांच्या नावे आधीच बाजूला काढावे लागतात. २०३० च्या वाटाघाटींत हे घडायला हवं. तेव्हा नाही घडलं, तर पुढचे करार संपेपर्यंत आणखी एक पिढी विमानतळांच्या खुर्च्यांवर अभ्यास करेल.

तुमच्या दोन विद्यापीठांपैकी पश्चिमेकडचं बिग टेन सोडून कुठेही जाणार नाही. तिथे धोका प्रवासाचा आहे. पूर्वेकडचं एसीसीतलं असल्यामुळे २०३० नंतर कुठे असेल हे आज सांगता येत नाही, पण तिच्या चार वर्षांत बहुतेक सामने पूर्व किनाऱ्यावरच होतील, एखादी फेरी कॅलिफोर्नियाची. टेनिसचा दर्जा दोन्हीकडे उत्तम आहे. मुलगी कोणता विषय घेणार आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेचे तास असलेला विषय असेल, तर मी पूर्वेकडे झुकेन, कारण बुडलेलं व्याख्यान मैत्रिणीच्या वहीतून भरून काढता येतं, बुडलेला प्रयोग नाही.

दोन्ही प्रशिक्षकांना एकच गोष्ट मागा: गेल्या वसंत हंगामाचं प्रत्यक्ष प्रवासाचं वेळापत्रक, निघायच्या आणि परत यायच्या वेळांसकट. संकेतस्थळावर फक्त सामन्यांच्या तारखा असतात, त्या पुरत नाहीत. मागताना सोबत हेही विचारा की संघातल्या किती जणी चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि टेनिसच्या खर्चासाठी देणगीदारांचा वेगळा निधी आहे का. ज्या संघाच्या नावे असा निधी आहे, त्याच्यावर कुऱ्हाड सहसा शेवटी पडते. वेळापत्रक आलं की फेब्रुवारी ते एप्रिलची पानं काढा, प्रत्येक फेरीसमोर बुडणारे वर्ग लिहा, दोन्ही याद्या मुलीसमोर ठेवा आणि निवड तिला करू द्या.